जीआय गेटचे जॉइंट गुळगुळीत झाले, पण त्यावरचं जस्त गेलं कुठं?

दादा, आधी तुमचा प्रश्न दोन ओळीत परत लिहितो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांना पण कळेल. गणपतीपुळ्याच्या बाजूला घर, समुद्र अर्ध्या किलोमीटरवर, मागच्या एप्रिलमध्ये जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाच्या, चौकोनी पाइपचं दोन पल्ल्यांचं गेट बनवून घेतलं, जॉइंट मस्त घासून गुळगुळीत करून वरून सिल्व्हर आणि मग काळा ऑइलपेंट, आणि एकच पावसाळा गेला तर पाइपवर मधे गंज नाही पण प्रत्येक जॉइंटवर गंज, त्याचे तपकिरी ओघळ खालपर्यंत, आणि रंगाचे पापुद्रे तर मधे पण निघतायत. फॅब्रिकेटर म्हणतो जीआयला गंज येतच नाही, तुमच्याकडची हवा खारी. आता तुम्हाला दोन गोष्टी हव्यात, हे गेट वाचवायचं कसं आणि मागच्या बाजूचं छोटं गेट नवीन करायचंय त्याचे जॉइंट फिनिश कसे करून घ्यायचे.

मी चिपळूणला बावीस वर्षं हेच काम करतोय, गेट, ग्रिल, जिने. आणि खरं सांगायचं तर पहिली पाच-सहा वर्षं मी पण अगदी तुमच्या फॅब्रिकेटरसारखंच करायचो. त्यामुळे त्याला शिव्या घालत नाही. पण हवा खारी हे अर्धंच खरं आहे. हवा सगळ्या गेटला सारखीच लागते ना, मग गंज फक्त जॉइंटवर का? कारण जॉइंटवर जस्तच नाहीये. ते वेल्डिंगला जळालं, जे काठाला उरलं ते ग्राइंडरने काढलं, आणि त्यावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरून रंग मारला. म्हणजे गेट जीआयचं आणि जॉइंट उघड्या लोखंडाचे.

जस्त वितळतं ४१९ डिग्रीला आणि ९०७ डिग्रीला त्याची वाफ होते. लोखंड वितळायला पंधराशेच्या आसपास लागतात. म्हणजे लोखंडाचा जॉइंट धरायच्या कितीतरी आधी जस्त तिथून पळालेलं असतं. वेल्डिंग करताना जो पांढरा धूर निघतो आणि आजूबाजूला पांढरी भुकटी बसते ना, ती म्हणजे तुमचे पैसे देऊन घेतलेलं जस्त. रॉडने काम केलं तर बीडच्या, म्हणजे वेल्डच्या फुगीर पट्टीच्या, दोन्ही बाजूला साधारण एक-दीड सेंटीमीटरचा पट्टा जातो, हात सावकाश चालला किंवा करंट जास्त असला तर अजून जास्त. सीओटूने, म्हणजे गॅस आणि वायरच्या वेल्डिंगने, थोडा कमी जातो, पण जातोच.

आता कोणी म्हणेल की जस्त तर आजूबाजूच्या लोखंडाला पण सांभाळतं, स्वतः झिजून लोखंड वाचवतं. बरोबर आहे, म्हणून तर पाइपवर खिळ्याने ओरखडा पडला तरी तिथे गंज चढत नाही. पण ही राखण काही मिलीमीटरपुरती. दोन बाजूचे मिळून तीन सेंटीमीटरचं उघडं लोखंड त्याला नाही झेपत.

आणि मुळात तुमच्या पाइपवर जस्त होतं किती ते बघा. बाजारात जीआय चौकोनी पाइप म्हणून जो मिळतो तो बहुतेक वेळा जीपी असतो, म्हणजे आधी जस्त चढवलेली पत्र्याची पट्टी घेऊन ती वाकवून पाइप केलेला. त्यावर १२० जीएसएम किंवा ८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम जस्त, असं लिहिलेलं असतं. हा आकडा दोन्ही बाजूंचा मिळून असतो हे पन्नास टक्के दुकानदारांना पण माहीत नसतं. १२० म्हणजे बाहेरच्या बाजूला ६० ग्रॅम, त्याची जाडी होते साधारण साडेआठ मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलीमीटर). ८० वाला असेल तर साडेपाच. उलट पूर्ण गेट बनवून मग हॉट डिप केलं, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलं, तर दीड ते तीन मिलीमीटर जाडीच्या मालावर सरासरी ५५ मायक्रॉन बसायला पाहिजेत असं आयएसओ १४६१ हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणतं. समुद्राजवळ जस्त वर्षाला किती झिजतं याचे पण आकडे आहेत, आयएसओ ९२२३ मध्ये किनाऱ्याच्या जरा खाऱ्या हवेला वर्षाला २.१ ते ४.२ मायक्रॉन आणि अगदी खाऱ्या हवेला ४.२ ते ८.४. आता तुम्हीच भागाकार करा. अर्ध्या किलोमीटरवर साडेआठ मायक्रॉन रंगाशिवाय फार तर दोन-चार वर्षं. त्यामुळे जॉइंट दुरुस्त केले म्हणजे झालं असं समजू नका, बाकीच्या पाइपला पण नीट चिकटणारा रंग लागणारच आहे.

आता सध्याचं गेट. पावसात हात लावू नका. घाई झाली तरी दसऱ्यानंतर उन्हं पडली की काम काढा, आणि तेव्हा पण सकाळी दहाच्या आधी रंगाचा ब्रश उचलायचा नाही, आपल्याकडे दव एवढं पडतं की पाइपवर हात फिरवला तर ओला लागतो.

जॉइंटवरचा रंग, लांबी, सिल्व्हर सगळं उतरवायचं. आजूबाजूला साडेतीन-चार सेंटीमीटरपर्यंत. ग्राइंडरला ग्राइंडिंग व्हील लावू नका, ते दीड मिलीमीटरचा पाइप केव्हा खाऊन टाकेल कळणार नाही, ६० नंबरची फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती, घ्या. १२० नंबर घेऊन आरसा करत बसायचं नाही, रंगाला धरायला थोडा खरखरीतपणा लागतो. जिथे चांगलं जस्त सुरू होतं तिथली कड हळूहळू पातळ करत न्या, एकदम पायरी नको. खड्ड्यात काळपट गंज राहिला असेल तर डिस्कचा कोपरा लावून काढा, आणि कोपऱ्यात डिस्क जात नाही तिथे जाड वायरचा कप ब्रश. एक लक्षात ठेवा, घासताना उडणारी लोखंडाची भुकटी शेजारच्या चांगल्या पाइपवर बसते आणि दोन दिवसांत तिथे तपकिरी ठिपके येतात, मग गिऱ्हाईक म्हणतं पूर्ण पाइपच गंजला. तो पाइपचा गंज नाही, भुकटीचा आहे. काम झाल्यावर ओल्या फडक्याने पूर्ण गेट पुसून घ्यायचं.

मग गोड्या पाण्याने धुवा. हो, धुवायचंच. समुद्राजवळच्या गंजात मीठ अडकलेलं असतं आणि ते डोळ्याला दिसत नाही, त्याच्यावर कितीही भारी रंग मारला तरी आतून फोड येतात. धुऊन लगेच कोरडं करा, उन्हात किंवा हीट गनने, आणि परत एकदा हलका हात डिस्कचा मारा कारण तेवढ्या वेळात पिवळट झाक येतेच.

आता पिनहोल, म्हणजे वेल्डमधली सुईएवढी भोकं, बघायची. वेल्ड घासून सपाट केला की आतले बुडबुडे उघडे पडतात, जस्ताची वाफ वितळलेल्या लोखंडातून बाहेर पडते त्याचे ते. जीआयवर वेल्डिंगच्या आधी जस्त काढलं नसेल तर हे हमखास असतात. मोबाईलचा टॉर्च आडवा धरून बघा. थिनरचं फडकं जॉइंटवरून फिरवा, दहा-पंधरा सेकंदांत सगळं वाळतं पण भोक असेल तिथे ओला ठिपका राहतो. तिथून पाणी पाइपच्या आत जातं आणि पाइप आतून सडतो, बाहेरून तुम्ही काय पण लावा. असं ठिकाण असेल तर खोदून परत वेल्डिंगचा टाका मारायचा, लांबीने बुजवायचं नाही. लांबी ही वेल्डिंगची जागा नव्हे.

इथे मी एक टेस्ट करतो ती तुम्हाला पण जमेल. तुमच्याकडे सुपारीची बाग असेल तर घरात मोरचूद (कॉपर सल्फेट) असणारच, फवारणीला चुन्याबरोबर आणता तेच. चमचाभर मोरचूद वाटीभर पाण्यात विरघळवा, कापसाच्या बोळ्याने घासलेल्या जागी लावा. जिथे उघडं लोखंड आहे तिथे काही सेकंदांत तांब्याचा लालसर रंग येतो, घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा. जिथे जस्त आहे तिथे काळं पडतं. लगेच कळतं की कुठपर्यंत झाकायचं आहे. मी पहिल्यांदा हे एका गिऱ्हाइकासमोर केलं तेव्हा त्याला पण धक्का बसला आणि मला पण, कारण मला वाटत होतं जेमतेम बोटभर पट्टा गेला असेल, आणि लाल रंग चांगला तीन बोटं पसरला. जिन्याखालचं वेल्ड होतं, हात वाकडा करून सावकाश मारलेलं. फक्त टेस्ट झाल्यावर ते तांबं तिथे राहू द्यायचं नाही, तांबं आणि लोखंड शेजारी राहिले तर लोखंडच आधी झिजतं. धुवा, डिस्क फिरवा. आणि सगळ्या जॉइंटवर करत बसू नका, एक-दोन करून अंदाज घ्या.

आता जस्त परत आणायचं. तीन रस्ते आहेत.

सगळ्यात सोपा झिंक रिच पेंट, ज्याला कोल्ड गॅल्व्हनाइजिंग म्हणतात. इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. तुमच्या गेटवर जो सिल्व्हर मारला तो बहुतेक ॲल्युमिनियमचा आहे, चमकतो छान पण त्याने लोखंडाची राखण होत नाही. झिंक रिच म्हणजे वाळलेल्या थरात नव्वद टक्क्यांच्या वर जस्ताची पावडर पाहिजे, डब्यावर ९२ किंवा ९५ असा आकडा शोधा. डबा हातात घेतला की कळतं, लिटरचा डबा उचलताना अरे हे काय दगड भरलेत का असं वाटलं पाहिजे. हलका लागला तर परत ठेवा. आणि तो चमकत नाही, राखाडी मळकट दिसतो. मळकट दिसतो म्हणून गिऱ्हाइकाला आवडत नाही आणि मग आम्ही लोक चमकणारं मारतो, अशी ती गंमत आहे.

ह्या पेंटचं काम तेव्हाच होतं जेव्हा त्यातलं जस्त लोखंडाला थेट टेकतं. मधे रेड ऑक्साइड (लाल प्रायमर) मारला, गंज काळा करणारं केमिकल लावलं, लांबी भरली, की संपलं, मग तो साधा राखाडी रंग झाला. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ केसमध्ये इथेच चूक असते, रेड ऑक्साइड सवयीने आधी मारला जातो आणि झिंक वरून. डबा उघडल्यावर तळापर्यंत ढवळायचा कारण जस्त तळाला बसतं, आणि लावता लावता पण मधूनमधून ढवळायचा. ब्रशने दोन ते तीन हात, शेजारच्या चांगल्या जस्तावर दीड-दोन सेंटीमीटर चढवून. वाळून १०० मायक्रॉन तरी पाहिजे, आयएसओ १४६१ मध्ये दुरुस्तीला तेवढंच सांगितलंय. स्प्रेचा कॅन सोयीचा असतो पण एका हातात थर फारच पातळ बसतो, तुम्ही एकदा फुस्स करून सोडलं तर ते नावाला. कोपऱ्यासाठी कॅन, बाकी ब्रश असं मी करतो.

दुसरा रस्ता म्हणजे जस्ताच्या मिश्रणाची कांडी. हे बघितलं की मला आमच्या आज्जीच्या अंगणातला कल्हईवाला आठवतो. भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर भपकन वर, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एक फेरा मारला की काळं पातेलं चांदीसारखं. इथे पण तसंच, जॉइंट ब्लोलॅम्पने सावकाश तापवायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, कांडी थेट ज्योतीत नाही तर तापलेल्या लोखंडावर टेकवायची, वितळली की ओल्या फडक्याने पुसत पसरवायची. ज्योत कांडीवर धरली तर ती गोळी होऊन खाली पडते, लोखंडाला धरत नाही. तसं बघितलं तर गॅल्व्हनाइजिंगच्या कारखान्यात पण बाथच्या, म्हणजे वितळलेल्या जस्ताच्या हौदाच्या, आधी माल ज्या पाण्यात बुडवतात त्यात नवसागराचंच नातलग असतं, झिंक अमोनियम क्लोराइड. फरक एवढाच की कल्हईचं कथिल लोखंडासाठी झिजत नाही, जस्त झिजतं. कांडीचं काम दिसायला सगळ्यात छान होतं आणि जाडी पण चांगली येते, पण हात बसायला वेळ लागतो आणि उभ्या जॉइंटवर त्रास होतो. कांडी घेताना कॅडमियमवाली घेऊ नका, तिचा धूर जीवघेणा असतो.

तिसरा मेटल स्प्रे, वितळलेल्या जस्ताचा फवारा. हे मोठ्या कामाला, तुमच्या घरच्या गेटसाठी मशीन कोणी आणणार नाही. सोडून द्या.

जस्त बसलं, आता गुळगुळीतपणा हवा असेल तर ह्याच्यावर लांबी. आधी नाही. त्यातही पॉलिएस्टरची किंवा इपॉक्सीची, खडूसारखी भिजणारी नको. आणि पातळ. मग पूर्ण गेटला इपॉक्सी प्रायमर, झिंक फॉस्फेटवाला चालतो, आणि वरून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग. चांगला जुना सिंथेटिक इनॅमल का नाही, तर जस्त आणि तेलाच्या रंगाचं जमत नाही. ओलाव्यात जस्ताशी त्या तेलाचा साबण तयार होतो, खरंच साबण, आणि रंग खालून सुटतो. तुमच्या पाइपवर जॉइंट सोडून मधे जे पापुद्रे निघतायत ते ह्याच्यामुळे. नखाने एक पापुद्रा उचलून मागची बाजू बघा, खाली पाइप गुळगुळीत चकचकीत असेल, गंजाचा डाग पण नसेल. म्हणजे रंग मुळात धरलाच नव्हता. त्यामुळे मधला इनॅमल पण सगळा उतरवावा लागेल, तिथे डिस्क नको, पेंट रिमूव्हर आणि हातघाशी पॉलिश पेपर, नाहीतर असलेलं साडेआठ मायक्रॉन पण घालवून बसाल.

आणि हो, उभ्या पाइपच्या अगदी खालच्या टोकाला आठ मिलीमीटरचं एक भोक पाडा, पाणी निघून जायला. तिथे ठोकून बघा, पाणी असेल तर आवाज बद्द येतो. भोक पाडल्यावर कोणाकोणाच्या गेटमधून तांब्याभर चहासारखं पाणी आलेलं मी पाहिलंय.

आता नवीन गेट. माझं स्पष्ट मत, समुद्र एवढा जवळ असेल तर जीआय पाइप घेऊच नका. काळा एमएस, म्हणजे जस्त न चढवलेला साधा लोखंडी पाइप घ्या, दोन मिलीमीटर किंवा जास्त, पूर्ण गेट वेल्ड करा, भोकं, कड्या, सगळं संपवा, आणि मग अख्खं गेट हॉट डिपला पाठवा. किलोवर भाव असतो, गाडीभाडं लागतं, पण जॉइंटवर पण तेवढंच जस्त बसतं जेवढं पाइपवर, आणि आतून पण. वेल्डिंगवाल्याच्या छातीत पण जस्ताचा धूर जात नाही. हा धूर काय करतो ते मी भोगलंय. कामाला लागलो त्या वर्षी बंद शेडमध्ये दिवसभर जीआयचं ग्रिल मारलं, तोंडाला गोडसर धातूची चव आली, आणि रात्री आठला अशी थंडी भरली की आईने तीन गोधड्या घातल्या, तिला वाटलं मलेरिया. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काहीच झालं नाही असा उठलो. आमच्यात म्हणतात दूध प्या, गूळ खा. गूळ मी पण खातो, आवडतो म्हणून, पण त्याने धूर आत जायचा थांबत नाही. वारा पाठीमागून, डोकं धुराच्या बाहेर, आणि फ्यूमचा मास्क. आणि जीआय वेल्ड करायचंच असेल तर जॉइंटच्या दोन्ही बाजूचं जस्त आधी घासून काढायचं, अडीच सेंटीमीटर तरी. तसंही ते जळणारच आहे.

हॉट डिपला पाठवायचं तर वेल्ड फिनिश करायची पद्धत बदलते, इथे नवीन फॅब्रिकेटर फसतात. आधी मी पण फसलोय.

रॉडने वेल्ड केलं तर खपली, म्हणजे बीडवर जमणारं कवच, शेवटच्या कणापर्यंत काढायची. कारखान्यातल्या ॲसिडने गंज निघतो, रॉडची काचेसारखी खपली निघत नाही. तिथे जस्त धरत नाही आणि चंदेरी गेटवर बरोबर जॉइंटमधे काळा डाग येतो. कोपऱ्याच्या खाचेत, बीडच्या कडेला, चिपिंग हॅमरचं टोक घालून, मग वायर ब्रश. सीओटू वापरलं तर हा त्रास बराच कमी, पण त्यात वितळलेल्या लोखंडाचे दाणे उडतात आणि दाणे चिकटू नयेत म्हणून जो स्प्रे मारतात तो सिलिकॉनवाला असेल तर तिथेही जस्त धरत नाही. दाणे पण सगळे काढा, नाहीतर जस्ताखाली झाकले जाऊन पुरळ आल्यासारखं दिसतं. पाइपवर मार्करने लिहिलेलं, दुकानातल्या ऑइलपेंटचे आकडे, स्टिकरचा गोंद, हे पण पुसा.

आणि ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. एका बंगल्याचं गेट मी तीन दिवस घासलं, जॉइंट असे सपाट की बोट फिरवलं तर कळणार नाही, मालक पण बघून खूश. हॉट डिपहून आलं तर प्रत्येक जॉइंट वर आलेला, जिथे घासून सपाट केलं होतं तिथे फुगीर पट्टी, रंग पण जरा वेगळा राखाडी. मला वाटलं कारखान्यात काहीतरी केलं. नंतर कळलं की वेल्डिंगच्या वायरमध्ये सिलिकॉन जास्त असतं, सीओटूच्या नेहमीच्या ७०एस-६ वायरमध्ये ०.८ ते १.१५ टक्के, आणि लोखंडात सिलिकॉन असलं की जस्त तिथे भराभर जाड चढतं. पाइपवर साधा थर आणि बीडवर जाड. म्हणून फार दिसणाऱ्या जागी कमी सिलिकॉनचा रॉड किंवा वायर मिळते का बघायची, आणि घासताना अगदी सपाटीला न थांबता केसभर खाली जायचं. पण केसभरच. दोन मिलीमीटरच्या पाइपचा बीड सपाट करणं म्हणजे ताकदीचा भाग काढणं, बिजागरीच्या जॉइंटला मी बीड तसाच ठेवतो, गिऱ्हाइकाला सांगून.

भोकांचं मात्र ऐच्छिक नाही. बंद पाइप ४५० डिग्रीच्या जस्तात गेला आणि आत थोडं पाणी किंवा ॲसिड असलं तर त्याची वाफ होऊन पाइप बॉम्बसारखा फुटतो, वितळलेलं जस्त माणसांच्या अंगावर. एकदा माझ्याकडून एका आडव्या पाइपला भोक राहिलं. कारखान्यातल्या सुपरवायझरने हातोडीने प्रत्येक पाइप ठोकत ठोकत तो शोधला, काही बोलला नाही, फक्त ड्रिल माझ्या हातात दिलं. तेव्हापासून मी गेट उचलायच्या आधी खडूने प्रत्येक भोकाला गोल करतो आणि मोजतो. प्रत्येक पाइपच्या दोन टोकांना, समोरासमोरच्या उलट कोपऱ्यात, एक हवेला आणि एक जस्त निथळायला, पन्नास मिलीमीटरच्या चौकोनी पाइपला बारा मिलीमीटर तरी. ती शक्यतो खालच्या आणि आतल्या बाजूला, दिसत नाहीत आणि नंतर पाणी पण निघतं. पट्टीवर पट्टी चढवून चारी बाजूने वेल्ड केलेली डिझाईन टाळा, मधे ॲसिड अडकतं आणि वर्षभर तपकिरी पाणी पाझरत राहतं.

गेटला खाली पत्रा हवा असेल तर सपाट पातळ पत्रा वेल्ड करून बाथमध्ये पाठवू नका, पापड होतो. पत्रा वेगळा, नंतर स्क्रूने. बिजागरीत आणि कडीत दोन मिलीमीटर मोकळीक जास्त ठेवा, नाहीतर जस्ताने जाम होते. बाथची लांबी-रुंदी आधी विचारा.

परत आल्यावर टोकांना जस्ताचे थेंब लटकलेले असतात, सुरीसारखे, ते फाईलने हलकेच काढायचे. ग्राइंडर नको. रंग द्यायचा असेल तर कारखान्यात आधीच सांगा की क्रोमेटच्या पाण्यात बुडवू नका, नाहीतर रंग धरत नाही. आणि ओल्या ताडपत्रीखाली एकावर एक रचून ठेवू नका, पांढरा गंज येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. गेट लागलं की कोणीतरी म्हणणार, अरे इथे कुलुपाला एक कडी पाहिजे होती, टपालाचा डबा राहिला, कुत्र्यासाठी खाली एक पट्टी मार. आणि मिस्त्री पाच मिनिटांत चटकन टाका मारून जाणार. तिथून परत पहिल्यापासून सुरू. त्यामुळे कड्या, डबा, नंबरची पाटी, बेलची वायर, सगळं आता एका कागदावर काढा, घरातल्या सगळ्यांना विचारून. तरी काही राहिलंच तर ड्रिल मारून बोल्ट, आणि ड्रिलच्या कडेला झिंक रिचचा ब्रश. फोटो पाठवताना जॉइंट जवळून आणि अंगठा शेजारी ठेवून पाठवा, लांबून काही कळत नाही.